एक्केचाळीसावं डोकं

इस्पितळातल्या नर्सेस आमच्या खोलीला टकलूंची खोली म्हणायच्या. दारावर भलीमोठी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. आत एक लोखंडी कमान, कमानीला पाच कॅमेरे, कमानीखाली एक खुर्ची आणि भिंतीला लागून माझं टेबल. खुर्चीत आई बसायची, तिच्या मांडीवर बाळ. बाळाच्या डोक्यावर मोज्यासारखी घट्ट पांढरी टोपी चढवायची, म्हणजे जावळ दबतं आणि डोक्याचा खरा आकार दिसतो. मी खुळखुळा वाजवायचे, बाळ मान वर करायचं, पाचही कॅमेरे एकदम टिपायचे. संपलं काम. "एवढंच?" असं प्रत्येक आई विचारायची.

माझं काम खरं तर त्यानंतर सुरू व्हायचं. त्या पाच फोटोंतून कॉम्प्युटर एक डोकं उभं करायचा. तीसेक हजार बारीक त्रिकोण एकमेकांना जोडून केलेलं, पडद्यावर हवं तसं फिरवता येणारं. ते डोकं इतर डोक्यांपेक्षा कुठे वेगळं आहे आणि किती, हे सांगणारा प्रोग्रॅम मी लिहीत होते.

त्याची गरज अशी. बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांचे तुकडे असतात आणि तुकड्यांच्या मधे शिवणी. मेंदू वाढतो तशा त्या शिवणी जागा करून देतात. क्वचित एखाद्या बाळाची एखादी शिवण वेळेआधीच जुळते. माथ्यावरची मधली शिवण अशी मिटली, तर डोकं रुंदीला वाढायचं थांबतं आणि पुढेमागे लांबत जातं. तीन-चार महिन्यांच्या आत हे कळलं तर दोन लहानशा छेदांतून काम होतं, बाळ तिसऱ्या दिवशी घरी. उशीर झाला तर या कानापासून त्या कानापर्यंत चीर द्यायची, हाडं काढायची, कापायची आणि नव्याने बसवायची. आमच्या सर्जनच्या बोटांना हे क्षणात कळायचं. पण लांबच्या छोट्या दवाखान्यांत "होईल हळूहळू गोल" असं सांगून आईला परत पाठवलं जायचं. तिथे सर्जनची बोटं नेता येत नव्हती, प्रोग्रॅम नेता आला असता.

आजारी बाळांची डोकी इस्पितळात आपोआप येत होती. अडचण होती ती निरोगी बाळांची. सरासरी डोकं काढायचं, त्याभोवती साधारण डोकी किती इकडेतिकडे होतात ते मोजायचं, आणि मग त्याच्या बाहेर कुंपण घालायचं. कुंपणाबाहेर पडलं की लाल खूण. यासाठी एकशेवीस निरोगी बाळं हवी होती, आणि धडधाकट लेकरू घेऊन इस्पितळात यायची हौस कुणाला असते? आम्ही ओळखीपाळखीत पदर पसरला. नर्सेसच्या भाच्या झाल्या, रखवालदाराची नात झाली. मग मी माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला.

धाकटी केस कापायचं दुकान चालवते. तिचा नवरा मुलांना पोहायला शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात, आम्हीसुद्धा. लग्नानंतर सात वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. कागदावरचं नाव मोठं होतं, घरात ती बिट्टी. तेव्हा अडीच महिन्यांची.

"फोटो फुकट ना?" धाकटीने खुर्चीत बसता बसता विचारलं.

"फुकट. पण चेहरा मिळणार नाही, नुसतं डोकं."

"डोकी मी रोजच बघते गं. वीस-पंचवीस तरी." तिने टोपी माझ्या हातातून घेऊन स्वतःच चढवली. बिट्टीने पाच कॅमेऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि भलीमोठी जांभई दिली. त्याच जांभईत मी बटण दाबलं. फॅमिली डॉक्टरचा सगळं ठीक असल्याचा कागद धाकटीने आणला होता. मी तो फायलीत लावला आणि बिट्टी आमच्या यादीत एक्केचाळीसावी झाली.

चार आठवड्यांनी एकशेवीस पुरे झाले. हा प्रोग्रॅम छोट्या दवाखान्यांत द्यायचा की नाही, ते एक समिती ठरवणार होती आणि तिच्यापुढे आकडे ठेवायचे होते. आकडे चांगले येईनात. आजारी बाळांपैकी पाच-सहा जण कुंपणाच्या आतच राहत होते, म्हणजे प्रोग्रॅम त्यांना निरोगी म्हणत होता. आमच्या विभागप्रमुख मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"कुंपण एवढं लांब का गेलंय? निरोगी डोकी एवढी पसरतात?"

मी ठिपक्यांचा नकाशा उघडला. प्रत्येक ठिपका म्हणजे एक डोकं. निरोगींचा सगळा घोळका मधे, आणि एक ठिपका एकटाच लांब, आजारी बाळांच्या बाजूला. त्या एकट्यानेच कुंपण ताणून नेलं होतं.

"एक्केचाळीस," मॅडम म्हणाल्या. "टोपी नीट बसली नसेल. बघ आणि काढून टाक. आधीची तीन डोकी काढलीस तसंच." आणि त्या मीटिंगला गेल्या.

मी एक्केचाळीसावं डोकं पडद्यावर घेतलं. टोपीला सुरकुती होती हे खरं. डाव्या कानामागे, बोटभर. ते डोकं मी वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, पुन्हा वरून पाहिलं. सुरकुती कानामागे होती आणि डोकं कपाळापासून मागपर्यंत लांब होतं. सुरकुतीने डोकं लांब होत नाही. एवढं मला कळत होतं. ते शोधायचं, मोजायचं हेच तर माझं काम होतं.

पण मन किती वकिली करतं! आमच्या वडिलांचं डोकंही लांबटच होतं, मी स्वतःला सांगितलं. बिट्टी एका कुशीवर झोपते, त्याने आकार बदलतो. डॉक्टरचा कागद आहे. मी डॉक्टर थोडीच आहे? आणि या सगळ्याच्या तळाशी, मला तेव्हाही ठाऊक असलेली गोष्ट अशी होती की परवा समितीची बैठक होती, आणि हा ठिपका गेला की माझे आकडे झळाळणार होते.

मी ठिपका काढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, टोपीला सुरकुती. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. कुंपण आत सरकलं आणि ती पाच-सहा आजारी बाळं एकजात बाहेर पडली. शंभरातली शहाण्णव बरोबर.

त्याच दुपारी मी धाकटीला फोन लावला, हेही सांगायला हवं.

"बिट्टीला पुन्हा एकदा आणशील का? फोटो नीट आला नाही."

"तिला सर्दी झालीय गं. काही आहे का?"

"छे. टोपीला सुरकुती पडली होती."

"मग पुढच्या आठवड्यात बघते. आणि ताई, तिच्या माथ्यावर मधोमध एक कड लागते हाताला. आंघोळ घालताना कळते. एवढी डोकी हाताळली मी, अशी कड नाही पाहिली. ते काय असतं?"

पलीकडे दुकानात केस वाळवायचं यंत्र घोंघावत होतं.

"असते काही मुलांना," मी म्हणाले. "सर्दी बरी झाली की ये."

ती आली नाही. मीही पुन्हा फोन केला नाही.

समितीने होकार दिला. मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. यंत्रं पोचवणं, नर्सना शिकवणं यात महिने गेले. बिट्टीला मी अधूनमधून बघत होते. ती बसायला लागली, हसायला लागली, तिचं जावळ दाट झालं. धाकटीकडे गेले की मी तिला मांडीवर घ्यायचे, पण तिच्या माथ्यावर कधी हात ठेवला नाही.

बिट्टी नऊ महिन्यांची असताना धाकटीचा सकाळीच फोन आला. आवाज धापा टाकल्यासारखा.

"ताई, आमच्या इथल्या दवाखान्यात तुमचं ते यंत्र आलंय. लस द्यायला गेलो तर नर्सने सहज बिट्टीचं डोकं घेतलं. लाल आलंय! ती म्हणते मोठ्या इस्पितळात दाखवा. तुझंच यंत्र ना ते? चुकतं का कधी?"

"चुकतं," मी म्हणाले. "कधीकधी."

चुकलं नव्हतं. सर्जननी बिट्टीच्या माथ्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच सीटी काढायला सांगितलं. मधली शिवण पुरती मिटली होती. त्यांनी धाकटीला आणि मास्तरांना समोर बसवून सगळं नीट समजावलं: चीर कुठून कुठे, रक्त किती लागेल, अतिदक्षता विभागात किती दिवस. मी दारापाशी उभी होते.

"लवकर आला असतात तर फार लहान ऑपरेशन झालं असतं," सर्जन म्हणाले. "पण तुमचा दोष नाही. हे घरी कळत नाही."

"कळायला काही मार्गच नव्हता," मास्तर म्हणाले. धाकटीने मागे वळून माझा हात धरला. "ताईचं यंत्र होतं म्हणून निदान आता तरी कळलं. नाहीतर आम्ही बसलो असतो तसेच."

तो हात मी सोडवून घेतला नाही. त्यानंतरचे पंधरा दिवस ती भेटेल त्याला हेच सांगत होती. आईला, दुकानातल्या बायकांना, शेजारणीला. माझ्या बहिणीने वाचवलं. आईने फोनवर मला "धन्य झाले मी" म्हटलं. मी एकेक कौतुक गिळत होते.

शेवटी मी मॅडमकडे गेले. एक्केचाळीस म्हणजे माझी भाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुरकुती होती की नव्हती?"

"होती."

"मग नियमात बसतं. तू रोगनिदान करायला बसली नव्हतीस." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "आता बहिणीला सांगून तिला काय मिळणार? ऑपरेशन तोंडावर आलंय. तुझं ओझं तिच्या डोक्यावर कशाला ठेवतेस?"

मला ते पटलं. पटावंसं वाटत होतं म्हणून पटलं. ते आणखी चार दिवस टिकलं.

मग धाकटीचाच फोन आला. "अगं, सर्जन विचारत होते, आधीचं काही रेकॉर्ड आहे का म्हणून. आकार कसा बदलत गेला ते त्यांना बघायचंय. मी म्हटलं, आहे ना, ताईने अडीच महिन्यांची असताना फोटो घेतला होता. उद्या आणशील?"

यादीतून काढलेली डोकी आम्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचो. मी ते उघडलं. एक बटण दाबलं असतं तर ते डोकं कायमचं गेलं असतं, आणि "खराब होतं म्हणून पुसलं" या वाक्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. ते बटण मी दाबलं नाही. मग ते जुनं डोकं मी चालू प्रोग्रॅमला दिलं. दोन सेकंदही लागले नाहीत. लाल.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला मी धाकटीकडे गेले. शेवटचं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. मास्तर मागच्या खोलीत बिट्टीला भरवत होते. धाकटी जमिनीवरचे केस झाडत होती.

"आणलंस?" तिने विचारलं.

"आणलंय. आधी एक ऐक. झाडू ठेव जरा."

तिने झाडू ठेवला नाही, पण थांबली. मी सगळं सांगितलं. एकटा ठिपका, आकडे, समितीची बैठक, रकान्यातलं कारण. मधे मधे मी कारणं जोडत होते, वडिलांचं डोकं, कुशीवर झोपणं, हे मलाच ऐकू येत होतं. मग ती कारणं मी सोडून दिली.

"तुला दिसलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे शंका आली होती, की दिसलं होतं?"

"दिसलं होतं. बघायचं नव्हतं."

ती आरशासमोरच्या खुर्चीवर बसली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, तिला माझा.

"मी तुला त्या कडेबद्दल विचारलं होतं," ती म्हणाली. "फोनवर. मी, स्वतः, विचारलं होतं. तू म्हणालीस, असते काही मुलांना."

"हो."

"मला वाटलं, ताई म्हणते म्हणजे झालं. मी नंतर दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली जात होता. "आणि हे पंधरा दिवस? मी गावभर तुझे गोडवे गातेय आणि तू ऐकून घेतेयस?"

मास्तर बिट्टीला कडेवर घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. बिट्टीच्या हनुवटीवर भाताची शितं होती. मला बघून तिने नेहमीप्रमाणे हात पुढे केले.

"नको," धाकटी म्हणाली. बिट्टीला की मला, ते कळलं नाही. "ताई, तू जा आता."

मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मास्तरांनी मागून हाक मारली.

"ताई, रक्त द्यायचंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तुमचा गट जुळतो तिच्याशी." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "हे मी विचारतोय. तिने नाही सांगितलेलं."

"येते," मी म्हणाले.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. वरच्या मजल्यावर थांबायची माझी हिंमत झाली नाही. मी टकलूंच्या खोलीत बसले आणि दर थोड्या वेळाने ओळखीच्या नर्सला फोन करत राहिले. "हाडं बाहेर काढलीत," "बसवतायत," "बसवली," असे तिचे तुटक निरोप. चार वाजता ती स्वतःच खाली आली. "सगळं छान झालं. रक्त सांगितल्यापेक्षा कमी लागलं. तुझंच लावलं," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडून बिट्टी पाहिली. डोळे सुजून मिटले होते, पट्टी कानापासून कानापर्यंत. धाकटी तिच्या पायाचा अंगठा धरून बसली होती. आई शेजारी होती. मला बघून आई उठून बाहेर आली आणि "काय गं हे केलंस?" एवढंच म्हणाली. म्हणजे तिलाही कळलं होतं.

त्या आठवड्यात मी समितीला पत्र लिहिलं. कोणतं डोकं काढलं, का काढलं आणि खरं कारण काय होतं. एक्केचाळीसला आजारींच्या यादीत घालून सगळे आकडे नव्याने दिले. प्रोग्रॅम तसाच कामाचा ठरला, पण मी सुचवलेला एक नियम समितीने त्यात घातला: कोणतंही डोकं डॉक्टरने प्रत्यक्ष तपासल्याशिवाय यादीतून काढायचं नाही. मॅडम महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला प्रोग्रॅमवरून हटवून पुन्हा नुसतं खुळखुळा वाजवायला बसवलं. मी तक्रार केली नाही.

पत्र लिहितानाच मी ते फोल्डर पुन्हा उघडलं होतं. फोल्डरमध्ये एक्केचाळीस एकटं नव्हतं. आधीची तीन होती. एक हललेलं, दोन सुरकुतीची. काढताना मी त्यांच्याकडे धडपणे पाहिलंही नव्हतं. हललेल्या बाळाच्या आईला मी बोलावून घेतलं, ते व्यवस्थित निघालं. सुरकुतीच्या दोघांपैकी एकाला सर्जननी तपासलं, तेही ठीक. तिसऱ्याचं डोकं मी पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवलं. टोपी इतकी वर सरकली होती की खालचा आकार काय असेल ते खरोखरच सांगता येत नव्हतं. फॉर्मवरचा नंबर बंद होता. पत्त्यावर गेले तर घराला दुसऱ्या लोकांची पाटी. शेजारीण म्हणाली, ते कुटुंब बदली होऊन गेलं, कुठे ते माहीत नाही. यंत्र असलेल्या सगळ्या दवाखान्यांना मी त्या बाळाची जन्मतारीख आणि आईचं नाव कळवून ठेवलं आहे. आता ते दीड वर्षाचं असेल.

बिट्टी चालायला लागली आहे. तिला दर तीन महिन्यांनी मोजायला आमच्याच खोलीत आणावं लागतं, दुसरीकडे सोय नाही. पहिल्या दोन वेळा मास्तर एकटेच घेऊन आले. धाकटीशी माझं बोलणं आईच्या घरी, आईसमोर, मिठाची बरणी दे इतपतच. तिने अपमान कधी केला नाही. तो केला असता तर मला सोपं गेलं असतं.

परवा दुपारी तिचा नंबर फोनवर दिसला तेव्हा मला आधी वाटलं, आईला काही झालं.

"मंगळवारी मास्तरांना जमणार नाही," ती म्हणाली. "मी आणेन तिला. दहाला चालेल?"

"चालेल."

ती फोन ठेवेल असं वाटलं. तिने ठेवला नाही.

"ते तिसरं बाळ," ती म्हणाली. "आई सांगत होती. सापडलं का?"

"नाही अजून."

"शोधतेयस?"

"हो. रोज कुठेतरी विचारते."

"त्याच्या आईचं नाव काय?" मी सांगितलं. ती लिहून घेत होती, पेन सापडेपर्यंत दोनदा विचारलं. "माझ्याकडे चहूकडच्या बायका येतात केस कापायला. विचारून बघते," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.